डोकं बाहेर ठेवून झोप

आष्टी, ता. परतूर
१२ डिसेंबर १९७४

बेबी,

जयभीम. तुझं पत्र पोचलं. पाकिटावर नाव आईचं, आत 'प्रिय आई', शेवटी 'तुझीच बेबीनंदा'. मधे कुठं माझं नाव नाही. आईला वाचता येत नाही आणि या घरात वाचणारा मी एकटाच, हे तू जालन्याला कॉलेजात गेलीस म्हणून विसरली असशील असं वाटत नाही. तेव्हा मी वाचलं, तिनं ऐकलं. मग पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा मी जरा भरभर वाचलं तर म्हणाली, मधलं खाल्लं तुम्ही.

आता ती सांगते तसं लिहितो. माझं काही असेल ते शेवटी वेगळं लिहीन.

आई सांगते की तब्येतीला जप, पोटभर जेव. तिकडं रोटी असली तरी भाकरी कुठं मिळते का विचारून बघ. तिनं दिलेली गोधडी तू रोज वरून घेतेस हे ऐकून तिला फार बरं वाटलं. इब्राहीमभाईनं कापूस चांगला पिंजून दिला होता असंही ती म्हणते. म्हैस व्याली, रेडी झाली. शेजारची केशरबाई रोज विचारते, बेबी डोंगरावर चढून काय करते? आईनं तिला सांगितलं, उतरते.

आईचं संपलं. आता माझं.

तू लिहितेस की तंबूत रात्रभर दात वाजतात. तुमच्या गिर्यारोहणाच्या शाळेनं पिसं भरलेली स्लीपिंग बॅग दिली आहे, तिच्यात तू डोक्यासकट शिरतेस, होते नव्हते तेवढे कपडे अंगात चढवतेस, वरून आईची गोधडी घेतेस, तरी थंडी जात नाही. सकाळी बॅगेचं तोंड ओलं असतं आणि त्यावर बर्फाची खरड धरलेली असते. डॉक्टर म्हणाले की जानेवारीच्या शेवटी उघड्या बर्फावर तंबू ठोकून राहायची परीक्षा आहे, तोवर अशीच कुडकुडत राहिलीस तर वर नेणार नाहीत, सामान बांधून घरी पाठवतील. पास झालीस तर मात्र तिथंच मुलींना शिकवायला ठेवून घेणार आहेत. हे सगळं मी आईला जसंच्या तसं वाचून दाखवलं.

थंडी वाजत असेल तर परत ये. त्यात लाज धरण्यासारखं काही नाही. वाटूरच्या अण्णासाहेबांचा निरोप आला आहे. त्यांचा वसंता नवीन जालन्याला बँकेत आहे, तू त्याला पाहिलं आहेस, आणि पाहून 'वाईट नाही' म्हणाली होतीस. ते संक्रांतीपर्यंत थांबायला तयार आहेत. त्यांचं म्हणणं एवढंच की डोंगरावर नोकरी करणारी सून नको. माझंही म्हणणं तेच होतं आणि आजही तेच आहे. तू माझं ऐकलं नाहीस, मी तुला सोडायला स्टेशनावर आलो नाही. फिटंफाट झाली.

आईच्या सांगण्यावरून लिहिणारा,
तातेराव


आष्टी
१६ डिसेंबर १९७४

बेबी,

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहितो आहे. मागचं पत्र पेटीत टाकून आलो तेव्हापासून तुझी आई माझ्याशी धड बोलत नाही. काल भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी इतके हिवाळे बर्फात काडले. तितं निजायचं कसं ते तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

मी म्हणालो, माहीत आहे.

"मंग लिव्हलं का न्हाई?"

तव्यावरची भाकरी एका बाजूनं करपली आणि ती करपलेली माझ्या ताटात आली.

तेव्हा आता लिहितो. माझं मत बदललं आहे असं समजू नकोस. तू परत यावंस असंच मला वाटतं. पण झोपता आलं नाही म्हणून तुला कुणी खाली पाठवावं, हे मला नको. लडाखात काढलेल्या माझ्या नोकरीची ती बेअब्रू आहे. यायचं तर आपल्या मनानं ये.

पहिलं म्हणजे डोकं बाहेर ठेवून झोप. आपल्याकडं थंडी पडली की लहानथोर सगळी डोक्यावरून पांघरूण घेऊन मुटकुळं करून पडतात. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून आई तुझ्या तोंडावर पांघरूण ओढत आली आहे. गोधडीत ते चालतं, कारण आपल्या गोधडीला दहा वाटा असतात आणि आपली थंडी ती केवढी. बॅगेला वाट नसते. तू आत श्वास सोडतेस त्याची वाफ होते, ती पिसांत शिरते, पिसं भिजतात, आणि भिजलेलं पीस म्हणजे निव्वळ चिखल. सकाळी बॅगेच्या तोंडावर खरड दिसते ती बाहेरच्या बर्फाची नाही, तुझ्या तोंडच्या वाफेची आहे. तेव्हा कानटोपी घाल, बॅगेची नाडी गळ्याशी आवळून घे, नाक आणि तोंड बाहेर राहू दे. नाक गार पडेल. पडू दे, त्याला काही होत नाही. पहिल्या रात्री जीव घुसमटल्यासारखा उलटा वाटेल, तोंड उघडं टाकल्यासारखं वाटेल. दोन दिवसांनी सवय होते.

दुसरं आईच्या गोधडीबद्दल. हे मी तिला वाचून दाखवणार नव्हतो, पण ती समोरच बसली आहे आणि मी थांबलो की का थांबलो विचारते. गोधडी वरून घेऊ नकोस, खाली अंथर. बॅगेत ऊब पिसांची नसते, पिसांमध्ये जी हवा अडकून राहते तिची असते. बॅग फुगलेली असली तरच ती हवा राहते. आईची गोधडी वजनानं पिसांना दाबून पापड करते. आणि खरी थंडी वरून येतच नाही, जमिनीतून येते. तुझ्या अंगाखालची पिसं तशीही चेपलेली असतात, तिथं गोधडीची गरज आहे. रिकामी पाठपिशवी, दोराचं वेटोळं, जे असेल ते अंगाखाली घाल.

हे ऐकून आई म्हणाली, माझी गोधडी खाली? मी म्हणालो, खाली. मग म्हणाली, "लिव्हा मंग. पाटीला तर लागंल."

तिसरं, सगळे कपडे चढवून झोपू नकोस. अंग करकचून बांधल्यासारखं झालं की रक्त फिरत नाही. दिवसा घातलेले कपडे घामानं ओले असतात, तुला कळो न कळो. एक कोरडा जोड फक्त झोपायला ठेव, दिवसा त्याला हात लावू नकोस. बॅग तंबूत गेल्या गेल्या उघडून झटक आणि फुगू दे, ऐन वेळी नाही. सकाळी ऊन आलं की उलटी करून वाळत टाक. झोपायच्या आधी गूळ-शेंगदाणे खा आणि तंबूबाहेर थोडी चालून ये, पण घाम येईल इतकं नको. गार अंगानं आत शिरलीस तर बॅग तुला ऊब देणार नाही. ती कमावून आणत नाही, आपण दिलेली सांभाळते.

मी हे नुसतं आठवून लिहीत नाही. पलटणीतून सुटल्यावर मिलिटरीनं विकायला काढलेल्या डिस्पोजलच्या मालातून मी जी बॅग घेतली होती, गावात जिला तातेरावचं पोतं म्हणतात, ती घेऊन मी अजून ज्वारीच्या जागलीला जातो. रानडुकरं फार झाली आहेत. पोत्यात मिलिटरीचं कांबळं घालतो आणि त्यात शिरतो. या वर्षी थंडी बरी आहे, म्हणजे वाईट आहे. तुझं पत्र आल्यावर मी एकदा मुद्दाम तुझ्यासारखं डोकं आत घेऊन झोपून पाहिलं. पहाटेपर्यंत पोत्याचं तोंड ओलं झालं होतं. तेव्हा खात्री झाली.

इब्राहीमला पिसांचं काही पटेना. कापसाशिवाय ऊब असते हे पिंजाऱ्याला पटावं तरी कसं. भर दुपारी त्याच्या दुकानासमोर तो माझ्या पोत्यात शिरला आणि त्याची चेन अडकली. आतून ओरडायला लागला, "तातेराव, निकालो मेरेकू, अंदर भट्टी हुई." रहिमुन्निसाभाभी कात्री घेऊन आली. कात्री बघून मीच तिला हात जोडले. शेवटी तेलाचं बोट लावून चेन सोडवली. इब्राहीम घामाघूम होऊन बाहेर आला आणि म्हणाला, मानलं. पण लगेच पुढं म्हणाला की हा माल कापसापेक्षा चांगला आहे हे बाजारात कुणाला सांगू नको.

संक्रांतीचं लक्षात ठेव.

तातेराव


आष्टी
८ जानेवारी १९७५

बेबी,

तुझं पत्र आलं. पुन्हा आईच्या नावानं. आई, डोकं बाहेर ठेवून झोपले. आई, गोधडी खाली घातली, झोप लागली. आई, दात वाजायचे थांबले. वाचणाराला वाटावं हे सगळं कौसल्यानंच तुला शिकवलं, आणि ती लडाखला जाऊन आली आहे. ती मात्र ऐकताना अशी मान हलवत होती की जणू जाऊनच आली आहे.

शेवटची ओळ अशी होती, 'पाय अजून रात्रभर गार राहतात, त्याचं काय करायचं ते विचारून कळव.' कुणाला विचारून, ते लिहिलं नाहीस. मला विचारलं असं धरून चालतो.

पायांचं सांगण्याआधी एक गोष्ट. लहानपणी तू माझ्या डाव्या पायाला हात लावून विचारायचीस, आबा, दोन बोटं कुठं गेली? मी सांगायचो, उंदरानं खाल्ली. मग तू उंदराला इतकी भ्यायला लागलीस की आईनं मला दम दिला. ती बोटं ओल्या मोज्यांनी खाल्ली. आम्ही खालच्या उन्हातली पोरं, कुणी परभणीचा, कुणी अमरावतीचा. दिवसभर बर्फात चालून आलो, मोजे ओले झाले, रात्री ते काढले तर पाय गार पडतील म्हणून तसेच घालून झोपलो. शेजारी झोपलेल्यानंही तेच केलं. सकाळी पायाला काही कळेना. दुखतसुद्धा नव्हतं. पुढं दवाखान्यात बोटं काळी पडली. नंतर एका गढवाली हवालदारानं मला झोपायचं कसं ते शिकवलं, पण तेव्हा उशीर झालेला. आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून तुला घरात 'हे पोरीचं काम नाही' म्हणालो. दुसरं काही तोंडात आलं नाही. मला तुझ्या पायांची भीती वाटत होती. अजून वाटते.

आता ऐक. रात्रीचे मोजे वेगळे ठेव, लोकरीचे, सैल, आणि ते बुटात कधी जाऊ देऊ नकोस. झोपायच्या आधी पायाची बोटं हातानं चोळ, बोटं लाल दिसेपर्यंत. तुमच्याकडं पाण्याची ॲल्युमिनियमची बाटली असेलच. तिच्यात गरम पाणी भर, बूच घट्ट लाव, उलटी करून गळत नाही ना बघ, एका मोज्यात घाल आणि पायाशी ठेव. सकाळी तेच पाणी प्यायला होतं. लघवीला जायचं असेल तर जा. थंडीला भिऊन दाबून ठेवू नकोस, ती दाबून ठेवलीस तर सबंध रात्र कुडकुडशील. यात लाजण्यासारखं काही नाही, मी तुझा बाप आहे आणि हे पत्र आहे. आणि मधे जाग आलीच तर आतल्या आत पोटाचे स्नायू आवळ, सोड, आवळ, सोड. बॅग न उघडता अंग तापतं.

सोबत पार्सल आहे. त्यात तिळाचे लाडू आईचे. लोकरीचे मोजे परतूरच्या बाजारातून आणले. आणि मिलिटरीचं कांबळं आहे, ते दुमडून मी बॅगेच्या आकाराची पिशवी शिवली आहे. ती बॅगेच्या आत घाल आणि मग तिच्यात शीर. शिलाई माझी, दाभण आणि दोरा इब्राहीमचा, म्हणून टाके वाकडे आहेत ते माझे समज. कांबळं पेटीत पडूनच होतं, माझ्या काही कामाचं नाही.

आता दुसरी गोष्ट, ती तुला माझ्याकडूनच कळावी.

परवा अण्णासाहेब राजदूत फटफटीवरून आले होते. माणूस वाईट नाही. चहा घेतला, रेडीला पाहिलं, मग मुद्द्यावर आले. म्हणाले, संक्रांत आली तोंडावर, पोरीचं काय? मी म्हणालो, ती तिकडं झोपायला शिकते आहे. ते हसले. मग खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाले की परतूरला जाऊन तार करा, आई सीरियस, ताबडतोब निघ. पोरगी येईल, मग परत कोण जातं. फेब्रुवारीत लग्न उरकून टाकू. सगळे असंच करतात, पोरीच्या भल्यासाठीच करायचं.

खोटं कशाला लिहू, मी विचार केला. तू आली असतीस. आईचं नाव ऐकून तू रात्री बर्फातून चालत निघाली असतीस, हे मला माहीत आहे. मला जे हवं होतं ते एका तारेत घरी आलं असतं. आई चुलीपुढं पाठ करून बसली होती, पण तिचे हात थांबले होते.

मी त्यांना म्हणालो, "अण्णासाहेब, माझी बायको धडधाकट हाये. तिला आजारी पाडायला मी तयार न्हाई."

ते म्हणाले, "मंग आमचं थांबणं अवघड हाये."

मी म्हणालो, तेही बराबर आहे. त्यांनी आणखी एक कप चहा घेतला, रागावले असं काही नाही, आणि गेले. गाडीचा आवाज जाईपर्यंत मी ओट्यावर उभा होतो. वाईट वाटलं. स्थळ चांगलं होतं, घरी दोन विहिरी आहेत, मुलगा निर्व्यसनी. असं पुन्हा कुठं मिळेल माहीत नाही. रात्री ताटात भाकरी आली ती करपलेली नव्हती, एवढं सांगतो.

परीक्षेच्या आधी लाडू संपवू नकोस. बाकी तुझ्या हातात.

तातेराव


आष्टी
२ फेब्रुवारी १९७५

बेबी,

पत्र नाही. पार्सल पोचलं की नाही तेही कळलं नाही. परीक्षेच्या रात्री होऊन गेल्या असतील असा मी अंदाज करतो. पेपरात उत्तरेकडच्या थंडीची बातमी होती, लहानशीच. मी ती आईला वाचून दाखवली नाही. पण ती हल्ली पेपर चाळताना माझ्या तोंडाकडं बघत असते, आणि मला तोंड सांभाळता येत नाही.

पोस्टमन लांबून दिसला की ती हातातलं काम टाकून ओट्यावर येते. तो नुसतीच मान हलवून जातो. काल तर बिचारा मागच्या गल्लीनं गेला.

इकडं थंडी यंदा हटायला तयार नाही. जागलीला आता शेजारचा रामकिसन जातो. त्याला मी माझं पोतं दिलं आहे. त्याला त्यात शिरायची लाज वाटत होती, आता निघायची वाटते. मी घरीच झोपतो. थोडा खोकला झाला होता, ज्येष्ठमध चघळतो आहे, कमी आहे. आई म्हणते तसं काही नाही. आई काय म्हणते ते लिहायचं कारण नाही.

वसंताचं लग्न ठरलं, मंठ्याकडची मुलगी आहे. अण्णासाहेब स्वतः पत्रिका द्यायला आले. आम्ही दोघं जाऊन येऊ. तुझ्या नावाचं भांडंही आई देणार आहे, तिनं ठरवून टाकलं. लोक विचारतील, तुमची बेबी कुठं आहे. मी काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलं आहे. सांगेन, ती सरकारी कामावर आहे. खोटं थोडंच आहे, तंबू सरकारीच असेल.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. तुला वर नेलं नसेल, खाली पाठवलं असेल, आणि आम्हाला कसं कळवू म्हणून तू लिहीत नसशील, तर तसं करू नकोस. पास होऊन ये, नापास होऊन ये, मधूनच पळून ये. घरात कुणी एक शब्द विचारणार नाही. अण्णासाहेबांचं संपलं म्हणून तुझ्यावर काही नाही. ते मी मोडलं, तू नाही.

चार ओळी टाक. आईच्या नावानं टाकलीस तरी चालेल. तिला काळजी लागली आहे. मलाही लागली आहे. पायांचं तेवढं आधी लिही.

आबा


३ फेब्रुवारी १९७५
तळाच्या छावणीवरून

आबा,

हे पत्र तुमच्या नावानं आहे. आईला सगळं वाचून दाखवा, मधलं खाऊ नका.

पाय शाबूत आहेत. दहाच्या दहा बोटं आहेत, आत्ता मोजली.

वर असताना पत्र टाकायची सोय नव्हती, बर्फ पडून वाट बंद होती. आम्हाला उघड्या बर्फावर ठेवलं होतं, दोघी-दोघींना एक तंबू. वारा असा की तंबूचं कापड रात्रभर थोबाडीत मारत होतं. पुण्याच्या एका मुलीला आणि आणखी एकीला डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी खाली नेलं. मी झोपले. आबा, मी खरंच झोपले. नाक गार आणि बाकीची मी गरम. माझी जोडीदारीण डेहराडूनची आहे, थंडीतच वाढलेली, तीही डोकं आत घ्यायची. तिला मी ओरडून बाहेर काढलं आणि तिची चादर खाली घालायला लावली. सकाळी आमच्या बाई तंबूत डोकावल्या आणि आम्ही दोघी अजून झोपलेल्या बघून घाबरल्याच. मग विचारलं, हे कुठं शिकलात? मी सांगितलं, घरी.

पास झाले. मार्चअखेरीपासून मुलींच्या तुकडीवर मला शिकवायला ठेवून घेणार आहेत. त्याआधी सुट्टी आहे. म्हणजे येणार आणि परत जाणार. हे आईला हळू वाचून दाखवा.

वसंताचं स्थळ मोडल्याचं तुमच्या पत्रातून कळलं तेव्हा मला थोडं वाईट वाटलं. थोडंच. तारेचं कळलं तेव्हा मात्र मी मोठ्यानं रडले, आणि तंबूतल्या मुलींना वाटलं घरी कुणी गेलं. त्यांना समजावून सांगता सांगता नाकी नऊ आले.

आता कांबळ्याचं. पहिल्या रात्री त्यात शिरले तर पाठीला काहीतरी टोचत होतं. सकाळी उन्हात उलटं करून पाहिलं. टाक्यांत सगळीकडं ज्वारीचा भुसा होता, हुरड्याचा, अजून हिरवट. एका कोपऱ्यात कडब्याचं पात होतं. पेटीत पडून असलेल्या कांबळ्यात या वर्षीचा हुरडा कुठून आला, आबा? तुम्हीच आधीच्या पत्रात लिहिलं होतं की पोत्यात कांबळं घालून जागलीला जाता. तुम्हाला खोटं लिहिता येत नाही, पुन्हा लिहू नका. कांबळ्याशिवाय जागलीला जाऊन थंडी बाधली का, खोकला झाला का ते खरं कळवा.

जोडीदारीण म्हणाली, झटकून टाक, टोचेल. मी झटकलं नाही. तिथं मैलोन् मैल गवताची काडी नव्हती. रात्री नाडी गळ्याशी आवळली की आतून आपल्या शेताचा वास यायचा.

तुमची,
बेबी


आष्टी
१४ फेब्रुवारी १९७५

बेबी,

पत्र मिळालं. पोस्टमननं ओट्यावर येऊन माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, आज तुमच्या नावाचं आहे. आई म्हणाली, दाखवा, जसं काही तिला नाव वाचता येतं. मी वाचायला बसलो. पायाच्या बोटांपर्यंत नीट वाचलं, पुढं घसा बसला. खोकल्यामुळं. मग आई उठून इब्राहीमच्या घरी गेली आणि रहिमुन्निसाभाभीची शाळेत जाणारी नात बोलावून आणली. तिनं सगळं पहिल्यापासून मोठ्यानं वाचलं. त्यामुळं मधलं काही खाल्लं गेलं नाही, आणि आता सगळ्या गल्लीला सगळं माहीत आहे. केशरबाई विचारायला आली, आता बेबी काय करते? आई म्हणाली, दुसऱ्या पोरींना झोपवते.

परत जाणार हे वाक्य आईनं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "जाऊ द्या. पर तवर तिला एक नवी गोधडी करून देते, खाली घालायला." इब्राहीमकडं कापूस टाकून आली आहे.

भुशाचं म्हणशील तर तो इब्राहीमच्या दोऱ्याला लागलेला असेल. त्याच्या दुकानात काय काय पडलेलं असतं. खोकला गेला. हे खरं आहे, आईला विचार.

कोणत्या गाडीनं येतेस ते कळव. नवीन जालन्याच्या स्टेशनावर मी येणार आहे. कांबळं घ्यायला. ते एवढं जड, तू सामानासकट कशी उतरवशील. गाडीला उशीर झाला तरी मी तिथंच असेन, दुसरीकडं शोधत बसू नकोस.

मनमाडला गाडी बदलताना रात्र फलाटावर काढावी लागेल. तिथं आपल्यासारखी थंडी असते, फार नाही. आता नाक बाहेर ठेवायचं कारण नाही. डोक्यावरून पांघरूण घे आणि झोप.

तुझा,
आबा